आधी तोरेस देल पाइने, मग साउथ जॉर्जिया: मधे किती दिवस ठेवावेत?

पायवाट
नोव्हेंबरात आम्हा दोघांचा बेत असा आहे. चिलीत तोरेस देल पाइने उद्यानाचा पूर्ण 'ओ' फेरा (डोंगरांना वळसा घालणारी पूर्ण प्रदक्षिणा) ८ दिवसांत, मुक्काम तंबूतच. तिथून बसने अर्जेंटिनातलं उशुआइया बंदर आणि पुढे जहाजाने फॉकलंड, साउथ जॉर्जिया बेट, अंटार्क्टिक द्वीपकल्प. दोन्हीकडे सामान तेच. ट्रेक आणि जहाज यांच्यात किती दिवस सोडावेत? तंबूचं वाऱ्यात काय बिघडतं? जहाजाची कोणती तयारी ट्रेकच्या आधीच करायला हवी?

खुंटी
'ओ' घड्याळाच्या उलट दिशेनेच चालू देतात आणि प्रत्येक रात्रीचं आरक्षण आधीच लागतं. मुक्कामाचे तळ वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत, त्यामुळे तारखा जुळवताना डोकं उठतं. आधी डिक्सन आणि लोस पेर्रोस या तळांच्या रात्री पकडा, बाकीच्या त्यांच्याभोवती बसवा.

तंबू: वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा. निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. उभारताना एकाने कापड धरून ठेवायचं, दुसऱ्याने वाऱ्याकडच्या दोन खुंट्या आधी ठोकायच्या, काठ्या त्यानंतर. काठी मोडते ती बहुतेकदा सांध्यापाशी, कारण घाईत तुकडा पूर्ण आत न बसवताच वाकवली जाते. मोडक्या जागेवर चढवायची धातूची छोटी नळी आणि चिकटपट्टी जवळ हवीच. संध्याकाळ शांत असली तरी सगळ्या दोऱ्या ताणून झोपा. वारा रात्री दोनला उठला की अंधारात दोऱ्या सापडत नाहीत.

फ्रान्सेस, कुएर्नोस अशा तळांवर लाकडी फळ्यांचे ओटे आहेत, तिथे खुंट्यांचा उपयोग नाही. ३ मिमी दोरीचे दोन-दोन मीटरचे ८ तुकडे न्या, फळीखालून ओवून बांधा.

सॅकवरचं पावसाळी आवरण विसरा, त्याचा पतंग होतो. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सामान त्यात भरा. खाणं तंबूत ठेवलंत तर उंदीर कापड कुरतडून आत येतात. चिलीच्या या भागात हंताव्हायरस आहे आणि तो उंदरांच्या विष्ठा-मूत्रातून पसरतो, म्हणून हे नुसतं कापडाच्या नुकसानीचं प्रकरण नाही. स्टोव्ह फक्त ठरवून दिलेल्या स्वयंपाकाच्या जागेतच पेटवायचा. २०११-१२ च्या आगीत उद्यानाचं सुमारे १७,००० हेक्टर जळालं, तेव्हापासून याबाबत कुणी सवलत देत नाही. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो उद्यानाजवळच्या पुएर्तो नातालेस गावात घ्या.

'ओ'च्या वाटेवरची जॉन गार्डनर खिंड साधारण १,२०० मीटरवर आहे. लोस पेर्रोसहून उजाडताच निघा, दिवस चढेल तसा वारा वाढतो. सगळे चढाची धास्ती घेतात, पण गुडघे खातो तो ग्रे हिमनदीकडचा उतार: चिखल, मुळं आणि सरळ खाली. उतारावरच्या पासो तळाचा मुक्काम मिळाला नाही तर थेट ग्रे तळापर्यंत दहा-बारा तास धरा.

खारं पाणी
मधे किमान तीन दिवस ठेवा. चिलीतल्या पुंता अरेनास शहरापासून उशुआइयाला बसने बारा तासांच्या आसपास लागतात. वाटेत मॅगेलन सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडायची असते आणि वारा चढला की फेरी थांबते. जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही.

उरलेला वेळ सामान धुण्यात जाईल, आणि तो जायलाच हवा. साउथ जॉर्जियात उतरण्याआधी कपडे, बूट, सॅक यांची कसून तपासणी होते. पातागोनियातलं गवताचं बी तिथे पोचू नये हा हेतू. उंदरांचं उदाहरण समोरच आहे: सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून ते बेटावर आले, हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून संपवावे लागले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

बुटाच्या तळव्याच्या खाचा आधी ब्रशने, मग टाचणीने कोरा. धुऊन पूर्ण वाळवा, कारण ओल्या शिवणीत अडकलेलं बी दिसत नाही. सर्वात लबाड जागा म्हणजे वेल्क्रो. आकाएना नावाच्या झुडपाची काटेरी बोंडं त्यात आणि लोकरी मोज्यांत रुततात, ती चिमट्यानेच निघतात. खिसे उलटे करा, चालायच्या काठीचं टोक काढून आत बघा. खरं तर मोजे वेगळेच न्या.

उतरताना पाणी घोट्याच्या वर येतं. जलरोधक विजार गमबुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचलीत तर लाट सरळ बुटात. रबरी होडीत चढताना खलाशाचा पंजा नाही, मनगटाच्या वर हात धरायचा. २०२३ मध्ये बर्ड फ्लू साउथ जॉर्जियाला पोचला, तेव्हापासून किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, बॅग खाली ठेवणं बंद आहे. कॅमेऱ्याची पिशवी अंगावरच राहील अशी निवडा.

जहाज निवडताना प्रवासी मोजा. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी १०० जणच उतरू शकतात. २०० जणांच्या जहाजावर निम्मे जण पाळीची वाट बघतात.

अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामधल्या खवळलेल्या ड्रेक सामुद्रधुनीसाठी कानामागे लावायची स्कोपोलामिनची (बोट लागू नये म्हणूनच्या औषधाची) पट्टी डॉक्टरांना विचारून घ्या (काचबिंदू असेल तर चालत नाही). ती निघण्याच्या किमान चार तास आधी लावायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. लावून झाल्यावर हात धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं.

शिडाचं कापड
वरचं सगळं मान्य, पण क्रमच उलटा का करत नाही? जहाज आधी, ट्रेक नंतर. स्वच्छ सामान घेऊन साउथ जॉर्जियाला पोचाल. शिवाय तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला एलिफंट सीलचे नर किनाऱ्यावर असतात. महिनाअखेरीपासून फर सीलचे नर जागा अडवू लागतात आणि डिसेंबरात काही किनाऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. खिंडीवरचा बर्फही डिसेंबरात कमी असतो.

खारं पाणी
सामानाच्या दृष्टीने पटतं. अडचण पायांची आहे. तीन आठवडे जहाजावर बसून लगेच ८ दिवसांचं ओझं उचलायचं, तर जहाजावरचे जिने रोज चढा. शिवाय डिसेंबरात उद्यानात गर्दी जास्त, म्हणजे तळांचं आरक्षण आणखी आधी करावं लागेल.

पायवाट
उलटा क्रम सुचलाच नव्हता. आधी लोस पेर्रोसला डिसेंबरच्या तारखा मिळतात का ते बघतो, जहाजाचे पैसे त्यानंतर भरू.