'डचेस ऑफ माल्फी': दोष डचेसचा धरायचा का?

हरिपूर_रस्ता (सांगली)
जॉन वेबस्टर या इंग्रज नाटककाराच्या 'डचेस ऑफ माल्फी'चं मराठीतून अभिवाचन बसवतोय. विधवा डचेस भावांना न सांगता लग्न करते आणि त्यापायी मारली जाते, ते नाटक. चौथा अंक पूर्ण, बाकीचे निवडक प्रवेश. गाडं एकाच ठिकाणी अडलंय. समीक्षक क्लिफर्ड लीच (१९५१) थोडा दोष डचेसच्याही पदरात घालतात: सत्ता हातात असताना तिनं चोरून लग्न केलं, तेही आपल्या पदरच्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी. स्त्रीवादी समीक्षा हे मानत नाही. त्यात तिच्या भावाला, फर्डिनांडला, बहिणीबद्दल वासना होती, असंही वाचलं. वाचनाचा सूर कशावर ठरवायचा?

अजिंक्यतारा_वाचक (सातारा)
आधी लग्नाचं बघा. पहिल्या अंकात पडद्याआड लपलेली डचेसची दासी कॅरिओला बाहेर येते आणि तिच्या साक्षीनं दोघं वचन देतात. पुरोहित नाही. तरी हे लग्न पोकळ नव्हतं. पुरोहिताची सक्ती कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये केली. नाटक ज्यावर बेतलंय ती इटलीतली मूळ घटना त्याच्या पन्नासएक वर्षं आधीची. इंग्लंडमध्ये तर असं लग्न १७५३ च्या कायद्यापर्यंत ग्राह्य धरलं जाई, म्हणजे १६१४ च्या आसपासच्या प्रेक्षकालाही ते खरंच वाटलं असणार. शिवाय तिथं विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची आडकाठी नव्हती. आपल्याकडचा १८५६ चा कायदा डोळ्यांसमोर ठेवून वाचलंत तर गल्लत होईल. भावांना सलतं ते लग्न नव्हे, अँटोनिओची खालची पायरी.

संहिता_आधी
वरच्या मुद्द्याला पुरावा दुसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आहे. बहिणीचा प्रियकर कोण असेल, हे फर्डिनांड मनात रंगवतो: दणकट मांड्यांचा नावाडी, लाकडाच्या वखारीतला गडी, तिच्या खोलीत कोळसे नेणारा पोरगा. एकही सरदार नाही! समीक्षक फ्रँक व्हिगम (१९८५) इथूनच मांडणी करतात: बहिणीबद्दलची आसक्ती आणि कुळाचा अहंकार एकच आहेत, रक्त खालच्या थरात मिसळू नये ही धास्ती. मला हेच वाचन सगळ्यात भक्कम वाटतं. निव्वळ वासना धरली की हे तिघे गडी कुठून आले ते सांगता येत नाही.

तो स्वतः देतो ते कारण मात्र फसवं आहे. ४.२ (चौथा अंक, दुसरा प्रवेश) मध्ये म्हणतो, ती विधवाच राहिली असती तर तिच्या मरणानंतर मला अमाप धन मिळालं असतं. पण ३.३ मध्ये त्यानंच तिच्या पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाचा, माल्फीच्या तरुण ड्यूकचा, उल्लेख केलाय. वारस असताना मामाला धन कुठलं? दोन्ही वाक्यं वाचनात ठेवा, गाळू नका.

हरिपूर_रस्ता (सांगली)
हे पटलं. मग चौथ्या अंकातले मेणाचे पुतळे, नवरा-मुलं मेली असं भासवायला फर्डिनांड डचेसला दाखवतो ते, निवेदनात कसे सांगायचे?

अजिंक्यतारा_वाचक (सातारा)
'मेणाचे' हा शब्द आधी उच्चारूच नका. १६२३ च्या छापील प्रतीत रंगसूचनेतच 'कृत्रिम आकृती' म्हटलंय, त्यामुळे वाचकाला आधी कळतं. प्रेक्षकाला मात्र डचेस गेल्यावर, फर्डिनांडच्या तोंडून. निवेदकानं ती सूचना जशीच्या तशी वाचली तर प्रवेश तिथंच संपला.

दुसरा घोळ मुलांचा. सूचनेत 'अँटोनिओ आणि त्याची मुलं' आहे, पण पुढच्याच प्रवेशात डचेस कॅरिओलाला सांगते: धाकट्याला सर्दीचं औषध दे, मुलीला प्रार्थना म्हणायला लाव. मेलेल्या मुलांना औषध? ३.५ मध्ये अँटोनिओबरोबर फक्त थोरला गेलाय, म्हणून निवेदनात 'अँटोनिओ आणि थोरला मुलगा' एवढंच म्हणा. लगेच जुळतं.

संहिता_आधी
आणि ते औषधाचं वाक्य 'अजूनही मी माल्फीची डचेसच आहे' याच्यापासून तोडू नका. दोन्ही एकाच प्रवेशात आहेत. नाटकभर तिला स्वतःचं नाव नाही, आहे ते फक्त पद. ते पद ताठ उच्चारणारी बाई फासाच्या दोरीपुढं पोराच्या सर्दीची काळजी करते. पहिलं वाक्य आवाज चढवून म्हटलंत तर दुसरं हळवं होऊन पडतं. दोन्ही एकाच पट्टीत, सावकाश.

पाचव्या अंकातला प्रतिध्वनीचा प्रवेश (५.३), जिथं मेलेल्या डचेसच्या थडग्याकडून प्रतिध्वनी येतो, तो घ्याच. डचेसची भूमिका करणारीनंच, पाठमोरं बसून, अँटोनिओ आणि त्याचा मित्र डेलिओ यांच्या वाक्यांचे शेवटचे शब्द परत म्हणायचे.