मदत हवी आहे: वाजवी किमतीची बर्बन निवडताना नेमके काय पाहावे?

नमस्कार.

मी नोकरीनिमित्त गेली तीन वर्षे ओहायोतील कोलंबस येथे राहतो. पुण्यात असताना अधूनमधून स्कॉच घेत असे, बर्बन या अमेरिकी व्हिस्कीची ओळख मात्र इथे आल्यावरच झाली. येत्या दिवाळीत घरी जाताना थोरल्या मामांसाठी ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या न्याव्यात असा विचार आहे, म्हणजे दोन लिटरांची करमुक्त मर्यादाही पाळली जाईल. मामांनी आयुष्यभर भारतीय बनावटीची व्हिस्की सोडा घालून घेतली आहे. त्यांना मी काहीतरी खरोखर चांगले चाखवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र दोन्ही बाटल्यांचे मिळून साठ डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही.

गेल्या वर्षी मी एक चूक केली. जड काचेची, लाकडी बुचाची आणि लेबलवर आजोबा-पणजोबांची कहाणी छापलेली बाटली पंचावन्न डॉलरांना घेतली. घरी आल्यावर मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचला, तेव्हा कळले की आतली व्हिस्की दुसऱ्याच राज्यात गाळलेली असून तिचे वय अवघे दोन वर्षे आहे. पहिल्या घोटाला ओल्या लाकडाच्या भुश्याचा वास आला आणि घशात नुसती जळजळ राहिली.

त्यानंतर मी नियम वाचून काढले. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते आणि तिच्यात रंग किंवा स्वाद मिसळता येत नाही. ‘स्ट्रेट’ म्हणवून घेण्यासाठी किमान दोन वर्षे लागतात आणि वय चार वर्षांपेक्षा कमी असेल तर ते लेबलवर लिहावेच लागते. म्हणजे ‘स्ट्रेट’ लिहिले असून वयाचा उल्लेख नसेल, तर ती किमान चार वर्षांची आहे असे धरून चालावे, हे माझे आकलन बरोबर आहे का? आणि ‘बॉटल्ड इन बाँड’ या शिक्क्यावर माझ्यासारख्या नवख्याने कितपत विसंबावे?

प्रतिसाद १

नमस्कार. तुमचे आकलन बरोबर आहे. मी बर्बनसाठी प्रसिद्ध असलेल्या केंटकी राज्यातील लुईव्हिलमध्ये बरीच वर्षे राहत असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

‘बॉटल्ड इन बाँड’चा कायदा १८९७चा आहे. त्या काळी व्हिस्कीच्या नावाखाली वाटेल ते मिसळून विकले जात असे, त्याला आळा घालण्यासाठी तो आला. या शिक्क्याची व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि नेमक्या ५० टक्के तीव्रतेची असावी लागते. चव आवडेलच असे शिक्का सांगत नाही, पण तुमची फसगत झाली तशी यात होणे कठीण आहे. आधी स्वतः चाखून पाहण्यासाठी वीस डॉलरच्या आसपास मिळणारी, याच शिक्क्याची इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली घ्या. तिची तीव्रता पाणी घालून ४० टक्क्यांवर आणली, तर ७५० मिलीलिटरचे सुमारे ९४० मिलीलिटर होतात. ४० टक्क्यांच्या बाटलीत हे पाणी कारखान्यातच घातलेले असते. किमतीची तुलना करताना हा हिशेब बहुतेक जण विसरतात.

मामा सोडा घालून घेतात, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. सोड्यात सौम्य बर्बन हरवून जाते. त्यांच्यासाठी ५०.५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१ न्या. तिच्यातल्या राय या धान्याचा मिरीसारखा तिखटपणा सोड्यातही टिकून राहतो. दुसरी बाटली मेकर्स मार्कची न्या. तिच्यात रायऐवजी गहू वापरतात, त्यामुळे ती मऊ आणि गोडसर लागते. ती मात्र त्यांना आधी कोरी, मग चमचाभर पाणी घालून द्या.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. जास्त वय म्हणजे जास्त चांगली, हा स्कॉचवरून आलेला समज इथे बाजूला ठेवावा. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपांत आणि थंड हवेत मुरते. बर्बनचे पिंप कोरे असते आणि केंटकीचा उन्हाळा कडक असतो, त्यामुळे लाकडाचा स्वाद तिच्यात लवकर उतरतो आणि फार वर्षे ठेवलेली बर्बन कडवट, तुरट होऊ शकते. (बर्बनची तीच रिकामी पिंपे पुढे जगभर जातात; गोव्याची पॉल जॉन ही व्हिस्की मुख्यतः त्यांतच मुरते.) माझ्या मते सहा ते दहा वर्षांच्या टप्प्यात पैशांचे चीज होते.

ओहायोत दारूची किंमत राज्य सरकार ठरवते, त्यामुळे दुकाने पालथी घालण्याची गरज नाही. बफेलो ट्रेस ही बर्बन मूळ किमतीला दिसली तर अवश्य घ्या, पण दुसऱ्या राज्यात दुप्पट भावाने घेऊ नका. ती चांगली आहे, दुप्पट चांगली नाही. जिम बीम आणि जॅक डॅनियल्स भारतात मिळतात, त्यांनी सामानातली जागा अडवू नये. फेब्रुवारी २०२५मध्ये भारताने बर्बनवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले असले, तरी निवड अजून मर्यादितच आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल इव्हान विल्यम्स आणून एका पेल्यात कोरी आणि दुसऱ्यात दोन चमचे पाणी घालून ठेवली. कोरीत आधी नाकाला झिणझिण्या आल्या. पाण्याच्या पेल्यात पाच मिनिटांनी भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि जरा करपलेल्या साखरेचा वास स्पष्ट जाणवला. मामांना दोन्ही बाटल्या अशाच चाखवीन. आता एकच शंका उरली आहे. मामा सावकाश घेणारे आहेत, बाटली चार-पाच महिने पुरवतील. उघडल्यावर ती कशी ठेवावी?

प्रतिसाद १

उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नको, कारण तीव्र मद्याने बूच झिजते. ऊन लागू देऊ नका. चार-पाच महिन्यांत विशेष फरक पडत नाही. तळाशी पाव बाटली उरली की ती लहान बाटलीत काढून ठेवायला मामांना सांगा.