सेन्सॉर, अभ्यवेक्षण, प्रमाणन आणि ‘बंदी’

प्रश्न : एकाच चित्रपटाबद्दल ‘सेन्सॉरने बंदी घातली’, ‘प्रमाणपत्र नाकारलं’ आणि ‘प्रदर्शनाला मनाई’ अशी तीन शीर्षकं वाचली. तिन्ही एकच का? आणि सेन्सॉरला मराठी शब्द कोणता?

उत्तर : एकच नाहीत. सरसकट वापरले की कोणी काय केलं तेच कळेनासं होतं.

आधी दुसरा प्रश्न घेतो. ‘सेन्सॉर’ मूळचा लॅटिन. रोममधला हा अधिकारी नागरिकांची मोजदाद करी आणि त्यांच्या वागणुकीवर नजरही ठेवी. ‘सेन्सस’ त्याच घरातला. मराठीत ‘अभ्यवेक्षण’ घडवला गेला : अभि + अव + ईक्षण. नाटकांसाठी ‘परिनिरीक्षण’ रुळला, महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळच आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे. गंमत बघा, ‘प्रेक्षक’सुद्धा याच धातूचा! पाहणारे दोघेही, पण इतरांनी काय पाहावं हे ठरवण्याचा अधिकार एकालाच.

‘प्रमाणन’ हा कायद्याचा शब्द. १९५२च्या चित्रपटविषयक कायद्याखालचं मंडळ आधी नावानेच सेन्सॉर बोर्ड होतं. १९८३मध्ये ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झालं. लोक अजूनही सेन्सॉर बोर्डच म्हणतात आणि मी त्यांना चूक ठरवणार नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर येणारं प्रमाणपत्र आठवा. २०२४मध्ये नवे नियम येईपर्यंत, १९८३च्या नियमांप्रमाणे, त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असला तर कापाकापी झाली आहे असं समजायचं असे. काय कापलं ते प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असे, पण तो इवलासा त्रिकोण किती जणांच्या नजरेला पडला? ‘कात्री लावणे’ हा वाक्प्रचार उगाच टिकलेला नाही.

आता बंदी. मंडळ करतं ती ‘प्रमाणपत्र नाकारण्याची’ कृती. प्रमाणपत्राविना जाहीर खेळ करता येत नाही, म्हणून परिणाम बंदीसारखाच दिसतो. पण मंडळाने पास केलेला चित्रपट एखादं राज्य सरकार रोखतं, तेव्हा ती खरी ‘बंदी’ किंवा ‘मनाई’, आणि तिथे सेन्सॉरला जबाबदार धरणं अन्यायाचं आहे. न्यायालयाने थांबवलं तर ‘स्थगिती’.

सरकारं कारण कोणतं देतात? बहुतेक वेळा ‘कायदा व सुव्यवस्था’. संविधानाच्या अनुच्छेद १९(२)मध्ये अभिव्यक्तीवर बंधनं घालायला सभ्यता, नीतिमत्ता, अब्रुनुकसानी, परदेशांशी मैत्रीचे संबंध अशी आणखीही कारणं आहेत, पण सुव्यवस्था सर्वांत सोयीची, कारण दंगलीची नुसती भीतीही दाखवता येते. १९८९मध्ये रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट नाकारलं : निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, संरक्षण देणं हे राज्याचं काम. २०११मध्ये ‘आरक्षण’ या हिंदी चित्रपटावरची उत्तर प्रदेशातली बंदी याच आधारावर उठली. माझ्या मते हा मुद्दा प्रत्येक बातमीत यायला हवा.

राजकारणापायी चित्रपटावर बंदी येणं जुनंच आहे. १९२१चा ‘भक्त विदुर’ हा चित्रपट पौराणिक, पण त्यातला विदुर गांधीजींसारखा दिसत होता. मद्रास आणि कराचीत बंदी आली.

प्रश्न : ‘बंदी’ म्हणजे कैदीही ना? बंदिवान, बंदिशाळा?

उत्तर : हो, आणि तो अर्थ इथे चपखल बसतो. बंदी घातलेला चित्रपट डब्यात अडकलेला असतो, पण असतो. पुढे सुटूही शकतो. म्हणून ‘किस्सा कुर्सी का’ या हिंदी चित्रपटाला नुसता ‘बंदी’ शब्द लावणं मला अपुरं वाटतं. आणीबाणीत त्याच्या प्रती आणि निगेटिव्ह नष्ट केल्या गेल्या. त्याला ‘चित्रपट नष्ट केला’ असंच लिहावं. दिग्दर्शक अमृत नाहटांना तो पुन्हा चित्रित करावा लागला.