आंब्याच्या पानांवरचा काळा थर डिझेलच्या काजळीचा असेल का?

प्रश्न (चिपळूण परिसर)
आमचे घर मुंबई-गोवा महामार्गावरच्या घाटाला लागून आहे. भरलेले ट्रक चढणीवर सोडतात तो काळा धूर थंडीत सकाळी उशिरापर्यंत धुक्यात अडकून राहतो. ओटीवरचा झोपाळा रोज पुसला तरी फडके तेलकट काळे होते आणि कुंपणाजवळच्या हापूसच्या पानांवरही काळा थर चढला आहे. वडिलांना जुना दमा असून मोहोराच्या दिवसांत त्यांना रात्री धाप लागते. हे सारे एकाच काजळीमुळे होत असावे का, आणि घरात काय काळजी घ्यावी?

उत्तर १ (बागायतदार, पावस)
पानांपुरते सांगतो. तुडतुडे मोहोराचा रस शोषून चिकट गोड स्राव टाकतात, ज्याला आपण खार म्हणतो, आणि त्यावर काळी बुरशी वाढते. पान ओल्या बोटाने चोळून पाहा. बुरशीचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि खाली हिरवे पान दिसते. महामार्गापासून दूर असलेल्या माझ्या बागेतही हा थर येतो, तेव्हा त्याचा दोष ट्रकांना देता येत नाही. मात्र मोहोरावर कीटकनाशकाची फवारणी चालू असेल, तेव्हा वडिलांना बागेपासून लांबच ठेवा.

उत्तर २ (श्वसनविकार विभागातील परिचारिका)
झोपाळ्यावरची काजळी निदान फडक्याला लागते. खरा त्रास डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा आहे. डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात, त्यामुळे ते नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांनी दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर त्याच संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा अवघी ५ आहे. धुके असेपर्यंत रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवा, वडिलांचे फिरणे ऊन वर आल्यावर आणि घराच्या मागच्या बाजूला होऊ द्या, आणि बाहेर जावेच लागले तर एन-९५ मास्क वापरा, कारण तोंडावर बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. रात्रीची धाप मात्र डॉक्टरांना दाखवाच. इनहेलरची मात्रा आपल्या मनाने बदलू नका.

उत्तर ३ (डिझेल इंजिन दुरुस्ती, रत्नागिरी)
१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकांना काजळी अडवणारी गाळणी असते. ती गरम होऊन साठलेली काजळी जाळते. जुन्या गाड्यांना ती नाही, आणि इंजेक्टर खराब असून वर क्षमतेबाहेर माल भरला असेल, तर चढणीवर इंधन अर्धवट जळून काळा लोट निघणारच. पीयूसी तपासणीत धुराचा गडदपणा मोजला जातो, कणांची संख्या नव्हे, म्हणून प्रमाणपत्र असलेली गाडीही निर्धोक मानू नये. आमच्या बंदरातल्या मासेमारी बोटींना तर हे वाहनांचे नियम लागूच नाहीत. जेटीवर तासन्‌तास इंजिन चालू ठेवणारे आम्हीच आहोत, हेही कबूल केले पाहिजे.

प्रश्नकर्ता
पान चोळून पाहिले. थर पापुद्र्यासारखा सुटला. झोपाळ्यावरचा काळेपणा मात्र बोटाला ग्रीससारखा चिकटला. वडिलांची खाट काल मागच्या खोलीत हलवली असून सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.