बाबांची फाईल कपाटात राहिली: रुग्णाच्या नोंदी इस्पितळांनी एकमेकांना दाखवाव्यात का?

वाळपईची लेक
गेल्या पावसाळ्यात बाबा न्हाणीत घसरले. 108 आली, त्यांना घेऊन गेली, मी मागून स्कूटरने. फाईल घरी कपाटात. बाबांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायला रोज वॉर्फरिन चालू आहे, हे कॅज्युअल्टीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा गुंगीत. मी पोचेपर्यंत दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊन झालं होतं. वॉर्फरिन घेणाऱ्याला ते दिलं की रक्तस्रावाची भीती वाढते. रात्रभर मी त्यांच्या मांडीवरचा काळानिळा डाग बोटाने मोजत बसले होते. देणाऱ्या डॉक्टरला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर कोरा केसपेपर होता.

दुसऱ्या दिवशी फाईल नेली. ईसीजीचे कागद पांढरेफटक, रेघा उडून गेलेल्या. दोन एक्स-रे दमटपणाने एकमेकांना चिकटलेले, सोडवताना पापुद्रा निघाला. आठ वर्षांचा इलाज आणि हातात एवढंच.

आभा (रुग्णाच्या नोंदी जोडण्यासाठी केंद्र सरकार देतं तो आरोग्य खात्याचा नंबर) काढलं की आपली सगळी माहिती दिल्लीत जाऊन पडते, असं खूप लोकांना वाटतं. तसं नाही. तो 14 आकडी नंबर म्हणजे फक्त ओळख. नोंद जिथे झाली तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर आपल्या मोबाईलवर विचारणा येते. कुठले रिपोर्ट, किती दिवसांसाठी, हे आपण ठरवतो, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. सप्टेंबर 2021 पासून ही योजना देशभर आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत आपला गोवा तो केवढा! इथलं प्रत्येक इस्पितळ, सरकारी असो की खाजगी, याला जोडणं सक्तीचं करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आसगावकर
ताई, बाबा सावरले हे वाचून जीव भांड्यात पडला. तरीही सक्तीला माझा विरोध आहे, आणि तो गोव्याच्याच अनुभवावरून आहे.

पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा नेमाने रक्तदान करायचा. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. त्याला कुणी नीट समजावून सांगण्याआधी पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. 1989 मध्ये त्याला जुन्या क्षयरुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवलं. तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. 1992 मध्ये तो गेला. संगणक, सर्व्हर काही नव्हतं हो तेव्हा. एक रिपोर्ट भलत्या हातात गेला, एवढंच झालं होतं. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा यायला 2017 साल उजाडलं.

आपली गावं लहान. नोंदणीच्या खिडकीवर बसलेला मुलगा कुणाचा तरी भाचा असतो. एखाद्या मुलीने दोन वर्षं नैराश्यावर गोळ्या घेतल्या, गर्भपात करून घेतला, हे दात काढायला गेल्यावर तिथल्या पडद्यावर का दिसावं? आणि बाहेरच्या चोराचं काय? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यात बंद पडले आणि कित्येक दिवस काम हाताने कागदावर चाललं. एम्सची ही गत, तर तालुक्याच्या नर्सिंग होमचा संगणक कोण राखणार?

पेडण्याची लॅबवाली
संमतीबद्दल वाचलं म्हणून लिहिते. मी एका लॅबमध्ये रक्त घेते. म्हातारी माणसं येतात, नोंदणीसाठी ओटीपी येतो, आणि ती मोबाईलच माझ्या हातात देतात. ‘तूच बघ गो बाय, म्हाका दिसना.’ मी आकडे टाकते, खालच्या चौकोनात टिक करते, झाली संमती. त्या चौकोनापुढे काय लिहिलंय ते त्यांनी वाचलेलं नसतं. मी वाचून दाखवावं असं वाटतं, पण मागे रांग असते. पडद्यावर मराठीत, कोंकणीत चार मोठ्या ओळी आल्या तर निदान तेवढ्या तरी वाचता येतील.

फोंड्याचा डॉक्टर
नोंद पुढे गेली की तिच्यातली चूकही पुढे जाते. माझ्याकडच्या एका बाईंना लहानपणी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच जातीचं औषध) घेतल्यावर नुसती उलटी झाली होती, ॲलर्जी नव्हे. कुणीतरी ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहून ठेवलं आणि पुढे प्रत्येकाने तेच उतरवून घेतलं. वर्षानुवर्षं त्यांना नको तेवढी जड औषधं मिळाली. चुकलेली ओळ कुणी, कशी दुरुस्त करायची हे ठरवल्याशिवाय जोडाजोडी करू नये. शिवाय ओपीडीत टाइप करत बसलो की रुग्णाच्या तोंडाकडे बघणं राहून जातं. टाइप करायला वेगळा माणूस द्या, मग मी आनंदाने नोंदी देईन.

वाळपईची लेक
आसगावकर, डॉमिनिकचं लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मानसोपचार, एचआयव्ही, बाळंतपण यांच्या नोंदी वेगळ्या कुलपात हव्यात, हे मान्य. पण त्यापायी वॉर्फरिनही कुलपात ठेवायचं का? बेशुद्ध माणूस ओटीपी कुठून देणार? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात जिवावर बेतलं असेल तर संमतीशिवाय माहिती वापरायला मुभा आहे. तेवढ्यापुरतं एकच पान उघडं ठेवा: रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, शरीरात बसवलेलं काही. बाकी सगळं बंद.

कागदच सुरक्षित, असंही समजू नका. मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या हा वैद्यकीय परिषदेचा नियम 2002 चा. बाबांच्या जुन्या नोंदींसाठी मी एका इस्पितळात तीन खेपा घातल्या, ‘साहेब नाहीत’ म्हणून परत आले.

आसगावकर
त्या एका पानाला माझी ना नाही. फक्त ते पान कुणी, कधी, कुठून उघडलं याचा मेसेज त्याच दिवशी रुग्णाच्या आणि घरच्या एका माणसाच्या मोबाईलवर आला पाहिजे. खिडकीवरच्या भाच्याला माहीत हवं की आपलं नाव तिथे उमटतं. हे सुरू होईपर्यंत मी माझा नंबर कुठेही जोडणार नाही, आणि सक्ती झाली तर ग्रामसभेत उभा राहून बोलेन.

वाळपईची लेक
बोला, मीही तुमच्या बाजूला उभी राहीन. सध्या बाबांच्या खिशात मी प्लॅस्टिकमध्ये घालून एक चिठ्ठी ठेवली आहे: झडप बदललेली, वॉर्फरिन चालू, शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) आणि माझा फोन नंबर. दर महिन्याला आयएनआर बदलतो, तेव्हा चिठ्ठी नव्याने लिहिते.