सड्यावर कातळचित्र आहे, भावकीला जमीन चिरेखाणीला द्यायचीय. काय करू?

डोंबिवलीची_राजापूरकरीण:
मंडळी, राजापूर तालुक्यात आमचा सामाईक सडा आहे, म्हणजे उघड्या जांभ्या कातळाचं पठार. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. गुरं सोडायची आणि गवत कापायचं, एवढाच उपयोग. त्यावर कातळात एक मोठा मासा कोरलेला आहे. आजी म्हणायची पांडवांनी काढलाय. आम्ही पोरं त्याच्या शेपटीवर बसून करवंदं खायचो. चुलतभाऊ म्हणतो, कसला मासा, भेगा आहेत त्या! जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणवाल्याने भाव चांगला दिलाय आणि सही फक्त माझीच राहिलीय. दादा वाईट नाही हो, लेकीच्या कॉलेजची फी आहे त्याच्या डोक्यावर. 'चित्राभोवती वीस फूट सोडू' असंही म्हणाला. पण सरकारला कळवलं तर जमीनच जाईल, अशी घरात भीती आहे. खरंच जाते का?

कातळफिरस्ता:
नाही जात. राज्य संरक्षित स्मारक झालं तरी मालकी तुमचीच राहते. खणायला-बांधायला मात्र परवानगी लागते. आधी प्राथमिक अधिसूचना, मग हरकतींसाठी दोन महिने, त्यानंतर अंतिम. वेळ लागतो, म्हणून आजच पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयात गट नंबर आणि फोटो लावून अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

फोटो सकाळी लवकर काढा, तिरप्या उन्हात खाच आपसूक उठून दिसते. बाजूला मोजपट्टी ठेवा. खडूने रेघा भरू नका. कोणी चुना घेऊन आलाच तर सरळ हाकला! आणि वर माती असेल तर खरवडू नका, तिच्याखाली चित्र टिकतं.

भेगांचं म्हणाल तर भेग वाट फुटेल तशी जाते. कोरलेली खाच रुंदीला साधारण सारखी असते आणि शेपटीशी बरोबर वळते. दादांना एकदा आपल्याच राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती दाखवा. सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी लहानमोठे प्राणी. तिथे भेगा म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

बागायतदार_देवगड:
सगळं खरं, पण फी कोण भरणार? पर्यटक येतील म्हणतात. येतात, बांधावर गाडी लावतात, फोटो काढतात, वर पाणी मागतात. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली आणि गोव्यातली मिळून कातळचित्रांची नऊ ठिकाणं गेली. त्यातल्या किती जमीनमालकांच्या हातात काय पडलं, ते सांगा.

दीपकाडी:
बागायतदार, मुद्दा रास्त आहे. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

पण ताई, वीस फुटांवर राजी होऊ नका. चारी बाजूंनी खाण गेली की मासा पाटावर मांडलेल्या गणपतीसारखा उंच उरेल, कडा ढासळत राहतील, ट्रकची धूळ वेगळीच. शिवाय सडा म्हणजे नुसतं चित्र नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन पाहा. फुलंच फुलं: बोटभर पाण्याच्या डबक्यांत सीतेची आसवं, कडेने गेंद, पुढे पिवळाजर्द कवला. मी नाव घेतलंय ते दीपकाडीचं फूल तर कोकणाबाहेर सापडत नाही. हे सगळं वितभर मातीत उगवतं, आणि खाणीत पहिली जाते ती हीच माती. पोटखराबा म्हणे! (हा शब्द कोणी लिहिला, त्याला एकदा श्रावणात सड्यावर उभा करायला हवा.)

सांगेकार:
आमच्याकडे गोव्यात उसगाळीमळला कुशावती नदीकाठची चित्रं गाळाखाली होती. गावच्या लोकांना ठाऊक होतं, अभ्यासकांना पत्ता लागला 1993 साली. तुमच्या आजीसारखी माणसं प्रत्येक गावात असतात. कोणी जुनं माणूस असेल तर ते काय सांगतं तेही अर्जाला जोडा.

डोंबिवलीची_राजापूरकरीण:
सगळ्यांचे आभार. सही करत नाही, हे आज दादाला फोनवर सांगितलं. चिडलाय. दिवाळीत त्याला कशेळीला नेते, आणि चिरेखाणीऐवजी माझा हिस्सा गवताला त्यालाच देते, बघू कितपत पटतं. अर्ज मी एकटीने दिला तर चालेल ना? बाकी हिस्सेदारांच्या सह्या मिळणं कठीण आहे.

कातळफिरस्ता:
चालेल. माहिती कोणीही कळवू शकतं, मालक असायचीही गरज नाही. गट नंबर तेवढा अचूक टाका.