उच्च रक्तदाब : आधी जीवनशैली की आधी गोळी?

निर्झर :

रक्तदाब 140/90 च्या वर आढळला की रुग्णाला मीठ कमी करायला, वजन उतरवायला आणि नियमित चालायला सांगितले जाते आणि त्याच भेटीत गोळीही लिहून दिली जाते. गोळीचे मिलिग्रॅम ठरलेले असतात, वेळ ठरलेली असते आणि पुन्हा दाखवायला कधी यायचे तेही ठरलेले असते. जीवनशैलीच्या वाट्याला मात्र एक वाक्य येते. तिला मात्रा नसते, उद्दिष्ट नसते आणि पुढच्या भेटीत तिची चौकशीही बहुधा होत नाही. इतक्या ढिलाईने दिलेला उपचार निष्फळ ठरला तर त्यात नवल कसले?

माझे म्हणणे असे आहे की ज्यांचा वरचा रक्तदाब, म्हणजे दोन आकड्यांपैकी पहिला, 140 ते 159 च्या दरम्यान आहे आणि ज्यांना मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही, त्यांना पहिले तीन महिने जीवनशैलीचा उपचार गोळीच्याच शिस्तीने द्यावा. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ आहाराच्या अभ्यासात फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ अधिक आणि संपृक्त चरबी कमी, असा आहार घेणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींचा वरचा रक्तदाब, नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 11 मिलिमीटरने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) उतरला होता. ही घट एखाद्या गोळीच्या तोडीची आहे. वजन किलोभर उतरले तर रक्तदाब साधारण एक मिलिमीटरने उतरतो. आठवड्यातून 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि मद्यपानाला आवर यांचा परिणाम आणखी वेगळा. या सगळ्यांची सरळ बेरीज होत नाही हे खरे, पण ते एकमेकांना पूरक नक्कीच आहेत.

दक्ष :

निर्झर यांची शिस्तीची मागणी मला पूर्ण मान्य आहे. तीन महिन्यांची मात्र नाही. ‘डॅश’च्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना सगळे जेवण तयार करून पुरवले जात होते आणि प्रत्यक्ष चाचणीचा काळ आठ आठवड्यांचा होता. नोकरी, प्रवास, घरातील आजारपणे सांभाळत स्वतःचे जेवण स्वतः ठरवणाऱ्या माणसाला तोच आकडा कसा लावायचा? व्यवहारात या तीन महिन्यांचे वर्ष होते आणि वर्षाची चार वर्षे होतात, कारण वाढलेला रक्तदाब दुखत नाही. त्या काळात मेंदूच्या, डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या मात्र झिजत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की निदान पक्के झाल्यावर चार आठवड्यांच्या आत औषध सुरू व्हावे आणि रक्तदाब 160/100 किंवा त्याहून अधिक असेल तर विलंब करूच नये. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे की वरचा रक्तदाब 10 मिलिमीटरने उतरवला तर हृदयरक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे एक पंचमांशाने आणि पक्षाघाताचा धोका एक चतुर्थांशाहून अधिक घटतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 1945 साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब अनेक वर्षे चढत असल्याचे डॉक्टरांना दिसत होते, पण त्यांच्या हाती प्रभावी औषधच नव्हते. आज औषध हाताशी असताना थांबण्याचे समर्थन मला करता येत नाही.

‘गोळी लागली की सुटत नाही’ ही भीतीही तपासून पाहायला हवी. गोळीची सवय लागत नाही. मूळ विकार टिकून असतो, म्हणून गोळी टिकते.

निर्झर :

जेवण पुरवले होते हे बरोबर आहे. पण त्याच अभ्यासात सहभागींचे वजन मुद्दाम स्थिर राखले होते आणि सर्व गटांत मिठाचे प्रमाणही जवळपास सारखेच होते. म्हणजे मिळालेला परिणाम केवळ आहाराच्या घडणीचा होता, मीठ आणि वजन यांचा वाव त्यात धरलेलाच नव्हता. शिवाय 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोन’ या अभ्यासात, औषधांनी रक्तदाब आटोक्यात असलेल्या 60 ते 80 वयोगटातील व्यक्तींची गोळी देखरेखीखाली थांबवून पाहिली, तेव्हा मीठ किंवा वजन कमी करणाऱ्यांना गोळीविना राहणे अधिक प्रमाणात साधले. ही माणसे स्वतःच्याच घरी जेवत होती.

तटस्थ :

दोघांचाही वाद निदान अचूक आहे असे गृहीत धरून चालला आहे, आणि माझी शंका तिथेच आहे. जिना चढून आलेल्या माणसाला लगेच बसवून, पाय लोंबकळत ठेवून, बोलता बोलता, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेला आकडा कोणत्याच निर्णयाला पुरेसा नाही. पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला आणि हाताला आधार, दंडाच्या घेराला योग्य पट्टा आणि निदान दोन नोंदी एवढे हवेच. काहींचा रक्तदाब दवाखान्यातच चढतो. काहींचा तिथे ठीक आणि घरी जास्त असतो, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही. घरी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर घेतलेल्या नोंदींची सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक असेल, तर तो उच्च रक्तदाब समजतात.

कारणांचा शोधही राहून जातो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, चोंदलेले नाक मोकळे करणारी काही औषधे, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीतून अधिक स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक यांपैकी काही असेल, तर चालणेही पुरणार नाही आणि नेहमीची गोळीही.

दक्ष :

तटस्थ यांचा मुद्दा मान्य. आठवडाभराच्या नोंदी त्या चार आठवड्यांत सहज बसतात. औषधांच्या त्रासाबद्दल मात्र थोडे लिहायलाच हवे, कारण माणसे गोळी सोडतात ती बहुधा त्यामुळेच. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, एनालाप्रिलच्या वर्गातील औषधांनी कोरडा खोकला येतो, लघवी वाढवणाऱ्या औषधांनी सोडियम किंवा पोटॅशियम उतरू शकते. यावर उपाय गोळी परस्पर बंद करणे हा नसून डॉक्टरांना सांगून बदलून घेणे हा आहे. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या औषधांच्या कमी मात्रा एकत्र दिल्याने रक्तदाब अधिक उतरतो आणि त्रासही बहुधा कमी होतो.

निर्झर :

मग मी मुदत चार आठवड्यांवर आणतो. पण त्या आठवड्यांत वजन, मीठ, चालणे आणि घरच्या नोंदी हे सगळे लिहून ठेवले जावे आणि डॉक्टरांनी ते गोळीइतक्याच गांभीर्याने तपासावे. सरासरी 135/85 च्या खाली आली नाही, तर गोळी सुरू करावी आणि जीवनशैलीचा उपचारही तसाच चालू ठेवावा. पुढे आकडे उतरलेलेच राहिले, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा कमी करण्याचा विचार व्हावा.

दक्ष :

चार आठवडे मला चालतील. पण धूम्रपान करणाऱ्यांना ही सवलत मी देणार नाही, मग त्यांचा रक्तदाब 145 च का असेना. हृदयविकाराचा धोका केवळ रक्तदाबाच्या आकड्यावर ठरत नाही. तुम्ही आखलेल्या गटात वय, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांना जागाच नाही, आणि त्या तिन्हींचा हिशेब होईपर्यंत कोणाला थांबवायचे हे आपल्याला ठरवता येणार नाही.